पेटीतला दाखला

आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, मजूर मिळत नाहीत, म्हणून आम्ही शेजारी एकमेकांच्या खाचरात पाळीनं राबतो. गेल्या साली सोम्याची पाळी होती, त्या दिवशी फाट्यावरच्या छोट्या कॉलेजातले सुशील सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून बांधावर आले. जव्हारचा शिकलेला माणूस आपल्या चिखलात आला, याचंच सोम्याला कोण कौतुक.

"सोमाभाऊ, रविना बारावी पास झाली ना? आमच्याकडं द्या तिला."

"तिचा नाशिकच्या मोठ्या कॉलेजात फॉरम भरलाय, सर."

"विषय कोणता घेणार?"

"ताच नाय ठरला. ती सांगं, तिकडं लय विषय हायत, वरीसभर बगन, मंग ठरवीन."

सर हसले. "विषय ठरला नसेल तर पोर मोठ्या कॉलेजात हरवते, भाऊ. हजारांत कोण विचारतं? मी तिला नावानं ओळखीन."

पोशी, रविनाची आई, रोपाची जुडी तशीच हातात धरून म्हणाली, "पोर येऊं द्या. तिला इचारा."

पोर मोठ्या कॉलेजाची यादी बघायला नेटवर्कसाठी माळावर गेली होती. सर तिच्यासाठी थांबतायत कुठं! सोम्याच्या घरी पाटावर बसून त्यांनी नागलीची भाकर खाल्ली. घरची भाकर खाल्लेल्या माणसाला नाही म्हणायला सोम्याची जीभ रेटेना. त्यानं पत्र्याची पेटी उघडली आणि दाखला, गुणपत्रिका, सगळे असल कागद त्यांच्या हवाली केले. शेजारीण म्हणून भाकर मीच वाढली होती.

थोड्या वेळानं रविना धावत आली. "बा, माझा नंबर लागला! तीन दिसांत असल कागद घेऊन बोलावलाय!"

सोम्या पायाचा चिखल खरवडत बसला.

तीन दिवस पोरीनं छोट्या कॉलेजात खेटे घातले. क्लार्क म्हणे, कपाटाची किल्ली सरांकडं, सर बाहेरगावी. चौथ्या दिवशी सर भेटले. तोवर नाशिकची जागा गेली होती. "तुझा विषय मी ठरवलाय," सर म्हणाले, "तत्त्वज्ञान." तो त्यांचाच विषय. शिकायला कुणी नसलं तर त्यांची नोकरी जाणार होती.

"त्यात काय शिकवतात?" पोर घरी आल्यावर पोशीनं विचारलं.

"जगायचा कसा ता," रविना म्हणाली.

"ता तर मलाच इचारायचा होता," पोशी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

वर्षभर रविना वर्गात एकटी बसली. सर निम्मे दिवस पुढच्या सालची पोरं गोळा करत गावोगाव फिरत. माझ्या ओट्यावर येऊन ती रडायची. "फागीकाकी, बोलायला पन कोन नाय. भिंतीशी बोलू का मी?"

यंदा पाळी माझी. माझी चंदना बारावी झाली. तिचाही विषय ठरलेला नाही, तिलाही मोठंच कॉलेज बघायचं. आम्ही सगळ्याजणी वाकून आवणी करत होतो आणि बांधावर सर उभे, बूट हातात.

"मी काही सांगत नाही, फागीताई. रविना इथंच आहे, तिलाच विचारा."

चंदना कंबर सरळ करून उभी राहिली. "रविना, खरा सांग. कसा हाय कॉलेज?"

रविनानं माझ्याकडं बघितलं. मला सगळं ठाऊक आहे, हे तिला ठाऊक होतं. मग तिनं मान खाली घालून एक रोप चिखलात खोचलं.

"बेस हाय. सर नावानं वळखतात."

ते खोटं मी पाडायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण नाशिकला गेलेली पोर संध्याकाळी घरी येत नाही. गुरं, पाणी, नागलीचं रान, सगळं माझ्या एकटीच्या पाठीवर पडलं असतं. मी हात धुतले आणि घरात जाऊन पेटी उघडली. लाज वाटली, आजही वाटते. तरी दाखला काढून सरांच्या हातात दिला.

सर गेले. पोरी पुन्हा शेजारी शेजारी वाकल्या. रविनानं चंदनाच्या हातातली अर्धी जुडी आपल्याकडं घेतली. वर्षभरात तिला हसताना मी तेव्हाच बघितलं.

"वर्गात किती पोरी हायत गं?" चंदनानं विचारलं.

"आता दोगी."