अठ्ठाविसावा दिवस

दहा मार्चला सकाळी माझा पहिला क्यूब मशीनमध्ये ठेवला आणि तो इतक्या लवकर फुटला, की लोटनभाऊ काट्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघायला लागले. लोटनभाऊ आमच्या काँक्रीट लॅबचे मदतनीस. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या कॉलेजात ते बावीस वर्षं काँक्रीटचे ठोकळे फोडतायत, पण असा फुसका ठोकळा त्यांनीही पाहिला नसावा. सात दिवसांच्या क्यूबनं सतरा-अठरा तरी ताकद दाखवायला हवी होती. माझ्या पहिल्यानं चार दाखवली, दुसऱ्यानं तीन. तिसरा उचलताना त्याचा कोपराच माझ्या हातात आला.

मी एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला, स्ट्रक्चर्सला. माझा प्रबंध केळीच्या खोडाच्या धाग्यावर. धागा काँक्रीटमध्ये घातला तर तडे कमी जातात का, हे मला दाखवायचं होतं. प्रबंध जमा करायची शेवटची तारीख वीस एप्रिल. काँक्रीटचा खरा निकाल अठ्ठाविसाव्या दिवशी लागतो, त्यामुळे मार्चमध्ये भरलेले क्यूब वाया गेले तर माझा प्रबंध सरळ डिसेंबरवर जाणार होता. घरी चोपड्याला आबांना मी जूनमध्ये इंजिनिअर म्हणून कामाला लागते असं सांगून बसले होते. आबांनी ते अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

लोक मला संशयी म्हणतात. मी स्वतःला चौकस म्हणते. पण चौकस माणसानं आधी काय केलं असतं? सोनवणे मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुख आणि माझ्या मार्गदर्शक, त्यांनी तेच सुचवलं. म्हणाल्या, भूमिका, धागा तपासून बघ. मला ते भयंकर लागलं. जानेवारीत मी स्वतः घरी बसून धागा काढला होता, धुतला होता, वाळवला होता, आणि त्याचे क्यूब झकास आले होते. आता मोठ्या प्रमाणावर लागणार म्हणून आबांनी पोतंभर धागा तयार करून एसटीनं पाठवला. धुतलाय, वाळवलाय, तू हात लावू नको, नुसता टाक, असं फोनवर सांगितलं. माझ्याच बापानं, माझ्याच शेतातून पाठवलेल्या धाग्यावर संशय घ्यायचा म्हणजे काय? मी मॅडमना म्हटलं, धागा घरचा आहे. माझ्या दृष्टीनं विषय तिथंच संपला.

शिवाय माझ्याकडे पुरावा होता. बिनधाग्याचे साधे क्यूब मी त्याच दिवशी, त्याच सिमेंटनं भरले होते आणि ते ठणठणीत निघाले. धागा जितका जास्त तितका क्यूब कच्चा, असंही वहीत स्वच्छ दिसत होतं. कुणी शहाण्यानं त्यावरून काय ओळखायचं ते ओळखलं असतं. मी ओळखलं, की कुणीतरी नेमके माझे धाग्याचेच क्यूब निवडून बिघडवतंय.

आणि कुणीतरी म्हणजे जिनेश. दुसरं कोण?

जिनेश माझ्याच वर्गातला, धुळ्याचाच. त्याच्या वडिलांचं, लखीचंदशेठचं, सिमेंट-सळईचं दुकान आहे. पहिल्या वर्षी तो दुसरा आला आणि मी पहिली, तेही अगदी थोडक्या गुणांनी. माझा विषय ऐकून तो हसत म्हणाला होता, वा, आता घरात भूक लागली की भिंतच खायची. सगळे हसले. मी हसले नाही आणि विसरलेही नाही. त्याचा प्रबंध राखेच्या काँक्रीटवर होता. त्याचे क्यूबही तीन मार्चलाच भरलेले, आणि पाण्याच्या टाकीत माझ्या क्यूबच्या शेजारीच ठेवलेले. दहा तारखेला त्याचे सात दिवसांचे आकडे सुंदर आले. मला तेही खटकलं.

सतरा मार्चला मी त्याच पोत्यातून पुन्हा क्यूब भरले. ह्या वेळी डोळ्यात तेल घालून होते. लॅबची किल्ली कुणाकडे असते, जिनेश किती वाजता येतो, किती वाजता जातो, सगळं मोबाईलमध्ये लिहून ठेवत होते. पोत्याला मुंग्या लागलेल्या दिसल्या तेव्हा मी लोटनभाऊंवरही उखडले, की डबा इथं खात जाऊ नका. ते बिचारे म्हणाले, मी तर व्हरांड्यात जेवतो. मला तेही खरं वाटलं नाही.

मग वीस तारखेला दुपारी मी जेवून लवकर परत आले, तर जिनेश टाकीशी वाकलेला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, आणि हातात माझा क्यूब. लाल रंगानं बी-टू लिहिलेला, माझाच. मला बघून त्यानं तो खाली सोडला आणि म्हणाला, अगं, पाणी. पुढचं मी ऐकलंच नाही. काही बोललेही नाही. पकडलेल्या चोराशी कशाला बोलायचं? उलट मनातून मला आनंद झाला, हे लपवत नाही. इतके दिवस मी वेडी नव्हते, असं मला वाटलं.

चोवीस तारखेला दुसऱ्या खेपेचे क्यूबही तसेच भुगा निघाले. त्याच दुपारी मी दोन पानी तक्रार लिहिली. जिनेशनं हेतुपुरस्सर माझे नमुने खराब केले, मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं, तारीख, वेळ, सगळं. मॅडमनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, तू त्याला विचारलंस का? मी म्हटलं, विचारून कुणी कबूल होतं का? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, लेखी दिलंस म्हणजे मला समिती बसवावी लागेल.

समिती बसली. जिनेशला चौकशी होईपर्यंत लॅब बंद. आणि पुरावा म्हणून टाकीतले आम्हा दोघांचे सगळे क्यूब बाहेर काढून ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप घालून वर कागदी सील लावलं. मार्च संपत आलेला, ऑफिसात पत्रा तापलेला. पाण्यात राहायला हवं असलेलं काँक्रीट त्या कपाटात कोरडं पडत होतं. जिनेश एकदा मॅडमच्या दारात उभा राहून विनवत होता, की एकतीसला माझा अठ्ठाविसावा दिवस आहे, मला आत येऊ देऊ नका, पण क्यूब पाण्यात तरी ठेवा. मी व्हरांड्यातून ऐकलं. नाटक करतोय, असं मला वाटलं. एकतीस तारीख आली आणि गेली.

एक एप्रिलला मी अमळनेरवरून चोपड्याला गेले, नवा धागा आणायला. वाटलं, समितीनं मला मुदत वाढवून दिली तर पुन्हा भरता येईल. आबा मागच्या अंगणात होते. केळीच्या खोडाचे पट्टे सोलून धागा काढून ठेवलेला, आणि शेजारी मोठं घमेलं. घमेल्यात तपकिरी पाणी होतं आणि त्याच्या काठावर मुंग्यांची रांग.

मी विचारलं, हे काय आहे. आबा खुशीत होते. म्हणाले, तुझ्या पुढल्या खेपेची तयारी.

"तूच सांगेल व्हतं ना, सिमेंट धागाले नीट चिटकत नही," ते म्हणाले. "मंग बठ्ठा धागा गूळना पानीमा भिजाडेल शे. बियानले पावडर लावतस ना, तसंच. आते चिटकनं का?"

मी फेब्रुवारीत फोनवर खरंच म्हटलं होतं, की सिमेंट धाग्याला नीट धरत नाही. आबांनी ते मनावर घेतलं. आमच्याकडे हरभरा पेरायच्या आधी बियाण्याला गुळाचं पाणी लावतात, मग त्यावर औषधाची पावडर टाकून हलकं चोळतात. गुळानं पावडर दाण्याला घट्ट बसते. माझे आबा पस्तीस वर्षं हे करत आलेत आणि त्यांचं बियाणं कधी फसलं नाही. त्यांच्या लेखी सिमेंट हीसुद्धा एक पावडरच. आणि गुळानं सिमेंट आवळत नाही, घट्ट व्हायचंच विसरतं, हे मला बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. परीक्षेत त्याच्यावर पाच गुणांचा प्रश्नही आला होता.

पोत्याच्या मुंग्या मला तेव्हा दिसल्या होत्या. मॅडमनी धागा तपास म्हटलं होतं. मी सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त घर सोडून. त्या घमेल्यासमोर मला लाज वाटली. आबा उत्तराची वाट बघत होते, हाताला गूळ लागलेला, तोंडभर हसू.

मी म्हटलं, "चिटकलं, आबा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं धुळ्याला आले आणि थेट मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तक्रार मागे घे, कारण म्हणून कच्च्या मालातला दोष एवढंच लिही, जास्त खोलात जाऊ नको, तुलाच पुढं त्रास होईल. त्या चांगल्या मनानं सांगत होत्या. पण तसं लिहिलं असतं तर जिनेशनं काही केलं की नाही हे कुणालाच कळलं नसतं, आणि कॉलेजात त्याच्याबद्दल कुजबुज राहिलीच असती. मी पूर्ण लिहिलं. धागा माझ्या घरी गुळाच्या पाण्यात भिजवला होता, मी न तपासता वापरला, जिनेशचा काहीही दोष नाही, माझा आरोप खोटा ठरला. आबांचं नाव मात्र मला लिहवलं नाही.

कपाटाचं सील काढताना मी तिथं होते. जिनेशचे क्यूब वरून पांढरट पडले होते. आठ दिवस कोरडे राहिलेले, त्यांच्या आकड्याला आता काही अर्थ नव्हता. त्याचा प्रबंधही डिसेंबरवर गेला. माझा तर गेलाच होता. लोटनभाऊ हळूच म्हणाले, ताई, त्या दिवशी टाकीचं पाणी उतरलं होतं, आपल्याकडं नळ आठवड्यानं येतो तुम्हाला माहीतच आहे, वरचे क्यूब उघडे पडले होते म्हणून जिनेशभाऊ सगळ्यांचेच खाली सरकवत होते. मी समितीत सांगायला निघालो होतो, पण मला कुणी बोलावलंच नाही.

मी जिनेशला लॅबच्या जिन्यात गाठलं आणि माफी मागितली. नीट मागितली, कारणं न देता. तो ऐकत होता. रागावला नाही, ओरडला नाही, तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ठीक आहे, म्हणाला, आणि वर गेला.

सहा एप्रिलला तो नवे क्यूब भरणार असं कळलं. मी सकाळी आठलाच जाऊन उभी राहिले. एकट्याला दमवणारं काम आहे ते, साचे तेल लावून बसवायचे, माल कालवायचा, ठोकून भरायचा. मी म्हटलं, मी मदत करते, साचे तरी लावून देते. त्यानं नको म्हटलं नाही. मीही गुपचूप खाली बसून पहिल्या साच्याचे बोल्ट आवळायला घेतले. मनात म्हटलं, हळूहळू होईल सगळं ठीक.

त्याला वजनकाट्यावर राख मोजायला पलीकडच्या खोलीत जायचं होतं. हातात घमेलं घेऊन तो दारापर्यंत गेला आणि थांबला. सिमेंटचं पोतं माझ्या शेजारी उघडं होतं, पाण्याची बादली होती, रिकामे साचे होते. त्यानं ते सगळं एकदा बघितलं, मग मला बघितलं.

लोटनभाऊ झाडू घेऊन बाहेर निघाले होते. त्यांना तो अगदी साध्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "लोटनभाऊ, मी येईपर्यंत कुठं जाऊ नका. ही आहे तोवर इथंच बसा."

लोटनभाऊ माझ्याकडे न बघता स्टुलावर बसले. मी बोल्ट आवळत राहिले.