दुसरा भाग लागेपर्यंत

'अग्निनौका'चा दुसरा भाग येणार, येणार म्हणता म्हणता आठ वर्षं गेली. पहिल्या भागाच्या शेवटी कप्तान स्वतःच्याच जहाजाला आग लावतो, समुद्रात उडी मारतो, पडदा काळाकुट्ट होतो आणि अंधारातून कुणाचा तरी आवाज येतो, "उशीर केलास, दादा." की संपला! दिवे लागले तरी लोक खुर्च्यांवरून उठत नव्हते. दादा म्हणणारा हा कोण? कप्तानाचा धाकटा भाऊ तर मधेच मेला होता. का मेलाच नव्हता?

या एका प्रश्नावर गावातल्या लोकांनी किती चहा ढोसला असेल त्याला गणती नाही.

दुसऱ्या भागाच्या मागे मात्र साडेसाती लागली होती. आधी कप्तानाचं काम करणाऱ्या नटाचा गुडघा निखळला. मग दिग्दर्शक आणि निर्माता यांचं फाटलं. ते जुळलं तर जहाजाचा सेट पाण्यात बुडाला. शेवटी बातमी आली, की बाकी सगळं तयार आहे, फक्त संगणकावर समुद्र नीट जमत नाहीये. थिएटरबाहेरच्या पोस्टरवर दर वेळी जुन्या तारखेवर नवी तारीख चिकटवायची, असं करत करत ते पोस्टर गादीसारखं जाड झालं होतं.

थिएटर ताईचं होतं. वडील गेल्यावर तिने आणि तिच्या धाकट्या भावाने ते चालवायला घेतलं. हिशेब, झाडलोट, तिकीटखिडकी, भांडणं मिटवणं हे सगळं ताईकडे. वरच्या खोलीतलं प्रोजेक्टर धाकट्याकडे. धाकटा सिनेमावेडा. 'अग्निनौका' त्याला तोंडपाठ होता, आणि कप्तानाचा भाऊ जिवंतच आहे हे सिद्ध करायला तो जेवणाच्या ताटावर मीठ-लिंबू मांडून जहाजाचा नकाशा काढायचा. ताई म्हणायची, "आधी जेव. तुझा भाऊ कुठे पळून जात नाही."

ताईचं स्वतःचं म्हणणं साधं होतं. "मला सिनेमा आवडत नाही. मला थिएटर आवडतं."

दोनदा तारीख जाहीर होऊन, तिकिटं विकली जाऊन, ऐन वेळी खेळ रद्द झाला होता. दोन्ही वेळा लोकांची बोलणी ताईनेच खाल्ली. त्यामुळे तिसऱ्यांदा तिकिटं विकायला काढली तेव्हा खिडकीवर गर्दी होण्याऐवजी चेष्टाच जास्त झाली.

"ताई, ही तारीख आहे की अफवा?" समोरच्या औषधाच्या दुकानातले काका म्हणाले.

शेजारची पार्लरवाली तर फटकळच. "माझं लग्न ठरलं, झालं आणि मोडलंसुद्धा, तरी तुमचं जहाज काही किनाऱ्याला लागेना. आणि लागलं तरी काय दिवे लावणार? कप्तान आता साठीचा झालाय. ट्रेलरमध्ये बघितलंत ना, उडी मारण्याआधी कंबर धरतो."

"कंबर नाही, पट्टा धरतो," काका चिडून म्हणाले.

"पट्टाच म्हणा. आतली कंबर कुणाची आहे?"

रांगेतले लोक हसले. ताईला हसू आलं नाही. सकाळपासून हेच ऐकून तिचं डोकं फिरलं होतं. ती खिडकीतून बाहेर आली आणि पायरीवर उभी राहून म्हणाली, "ऐका सगळ्यांनी. शुक्रवारी सकाळी पहिला खेळ होणार. नाही झाला तर मी स्वतः पडद्यासमोर उभी राहून तुमची करमणूक करीन."

बोलून गेली आणि मग तिलाच कळेना, हे आपल्या तोंडून काय निघालं. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला एकदा झाडाचं काम दिलं होतं. तेव्हाही ती रडली होती. पण लोकांना ही गंमत आवडली. संध्याकाळपर्यंत सगळी तिकिटं संपली. अर्धी सिनेमासाठी आणि अर्धी, पार्लरवालीच्या शब्दांत, "ताईसाठी."

शुक्रवारी सकाळी थिएटर गच्च भरलं. रात्रपाळी करून थेट आलेले, कामावर दांडी मारून आलेले, आठ वर्षांपूर्वी प्रेयसीबरोबर पहिला भाग पाहिलेले आणि आता तिलाच बायको म्हणून घेऊन आलेले, असे सगळे. दारं बंद झाली, दिवे मंदावले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. पडदा पांढराच राहिला.

थोडा वेळ लोकांनी दम धरला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "समुद्र अजून भरतायत वाटतं!"

ताई जिना चढून वर गेली. धाकटा घामाने निथळत होता. एका कानाला फोन, डोळे संगणकाच्या पडद्यावर.

"काय झालं रे?"

"किल्ली लागत नाहीये."

सिनेमा आता रिळांमधून येत नाही. तो एका डबीत कुलूपबंद होऊन येतो आणि खेळाच्या दिवशी कंपनी त्याची किल्ली म्हणून आकड्यांची एक माळ पाठवते. ती आपल्याच प्रोजेक्टरला लागते, दुसऱ्या कुणाच्या नाही. कंपनीने पाठवलेली किल्ली भलत्याच थिएटरची होती.

"फोन लाव त्यांना."

"लावलाय. गाणं वाजतंय कधीचं. ताई, आज नाही लागला तर मी वेडा होईन."

"वेडा तू आहेसच. फोन ठेवू नकोस," असं म्हणून ताई खाली आली. पडद्याच्या बाजूच्या दारातून तिने आत डोकावलं मात्र, पार्लरवालीने तिला हेरलं.

"आल्या, आल्या! करमणूक! करमणूक!"

सगळं थिएटर टाळ्या पिटायला लागलं. आता पळायला जागा नव्हती. ताई पडद्यासमोरच्या लाकडी फळ्यांवर चढली. इतकी वर्षं या थिएटरात काढली, पण इथून ते कसं दिसतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. शेकडो तोंडं, आणि सगळी तिच्याकडे वळलेली.

"किल्ली चुकीची आलीय," ती म्हणाली. "बरोबर येईल. तोवर... मला गाता येत नाही. नाचता तर मुळीच नाही."

"मग पहिला भाग सांगा!" काका ओरडले. "मी अर्धा विसरलोय!"

"मी पाहिलेला नाही."

काका खुर्चीतून अर्धे उठले.

"म्हणजे?"

"म्हणजे पाहिलेला नाही. तेव्हा बाबा होते. मी बाहेर मक्याच्या लाह्या करत होते. दाराला पडदा असायचा, त्यामुळे दिसायचं काही नाही. ऐकू मात्र सगळं यायचं. सहा महिने, रोज चार खेळ."

"मग ऐकलेला सांगा!" पार्लरवाली म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

ताईने डोळे मिटले. लोकांकडे बघून बोलणं तिला जमलं नसतं. डोळे मिटल्यावर ती पुन्हा बाहेरच्या ओट्यावर, लाह्यांच्या यंत्राशी जाऊन उभी राहिली.

"सुरुवातीला भोंगा वाजतो," ती म्हणाली आणि तिने भोंगा वाजवला. लोक दचकले. घुमत उठणारा तो घोगरा भोंगा हुबेहूब तसाच होता. "मग साखळ्यांचा आवाज. मग कप्तान म्हणतो, 'नांगर उचला. या बंदराला आपली गरज उरली नाही.' हे वाक्य आलं की मी यंत्रात तेल घालायची."

हशा पिकला, पण आपुलकीचा. ताईला जरा धीर आला. मग तिने तो म्हातारा आचारी काढला, जो प्रत्येक वाक्याआधी खोकतो. चाच्यांचा बोबडा म्होरक्या काढला. वादळ आलं तेव्हा तिने पायाने फळ्या अशा काही बडवल्या की पुढच्या रांगेतलं तान्हं पोर रडायला लागलं आणि मागून कुणीतरी म्हणालं, "त्याला नका गप्प करू, पहिल्या भागातही रडत होतं!" हळूहळू लोकही सामील झाले. चाच्यांची आरोळी सगळ्यांनी मिळून दिली. ताईचा कप्तान आणि काका तर एकाच वेळी बोलायला लागले.

आणि मग ताई थांबली.

"इथे पुढे मला माहीत नाही," ती डोळे उघडून म्हणाली. "वादळ शमतं. भाऊ खोलीत असतो एवढं कळतं, कारण आचारी म्हणतो, 'धाकटे मालक खाली आहेत.' मग दार करकरतं आणि त्यानंतर कितीतरी वेळ काही नाही. संवाद नाही, संगीत नाही. रोज मी बाहेर हातातलं काम थांबवून उभी राहायची. मग आतून लोकांचे हुंदके ऐकू यायचे. बायकांचे, पुरुषांचेही. काय होतं तिथे?"

मधल्या रांगेतले एक ट्रकचालक उठले. हातात टोपी घेऊन, जणू कुणाच्या घरी भेटायला आल्यासारखे.

"तो भावाच्या पायात बूट घालतो, ताई. भाऊ पडलेला असतो. कप्तान खाली बसतो आणि त्याच्या बुटांच्या नाड्या बांधतो. एकेक करून. नीट."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

"मेलेल्या भावाच्या," पलीकडून एक बाई म्हणाली.

"मेलेला कशावरून? झोपलेला असतो!" काका उसळले.

"झोपलेल्या माणसाला बूट घालतं का कुणी?"

"सुटका करायची असेल तर घालतं! उठला की लगेच पळता यावं म्हणून!"

"त्याची बोटं हलतात. डाव्या हाताची."

"ती जहाजामुळे हलतात हो!"

थिएटरचे सरळ दोन तट पडले. जो तो उठून हातवारे करायला लागला. नवराबायको एकमेकांशी भांडायला लागले. ताई मधे उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. जिथे रोज कान टवकारून उभी राहायची तिथे काय होतं, ते आता तिला कळलं होतं, आणि तिचे डोळे भरून आले होते. नाड्या! एवढे लोक नाड्यांसाठी रडत होते! तिला आपला धाकटा आठवला. वडील गेले त्या दिवशी तो वरच्या खोलीच्या जिन्यावर अनवाणी बसून राहिला होता आणि तिनेच त्याच्या चपला शोधून आणून त्याच्या पायात सरकवल्या होत्या.

"मला वाटतं," ती मोठ्याने म्हणाली आणि लोक थांबले, "मला वाटतं, त्यालाही माहीत नव्हतं. कप्तानाला. जिवंत आहे की नाही. म्हणून बांधल्या."

तेवढ्यात वरच्या खोलीच्या झरोक्यातून धाकट्याचं डोकं बाहेर आलं. "लागली!" तो किंचाळला. "किल्ली लागली!"

जो काही गलका झाला तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला. ताई घाईघाईने दाराकडे निघाली, कारण मध्यंतराच्या तयारीचं बघायचं होतं. पण पार्लरवालीने तिचा हात धरला आणि स्वतःशेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. "बसा इथे. लाह्या दुसरं कुणीही करील."

ताई बसली. खुर्चीची एक स्प्रिंग टोचत होती. इतक्या वर्षांत कुणी तिला सांगितलं कसं नाही?

सिनेमा सुरू झाला. साठीचा कप्तान पडद्यावर आला तेव्हा काकांनी शिटी मारली, पार्लरवालीने कंबर धरून दाखवली. समुद्र बरा जमला होता. चाचे मात्र जरा जास्तच झाले होते, आणि एका गाण्यात कप्तान बर्फात काय करत होता हे कुणाला समजलं नाही. भाऊ जिवंत निघाला. तो का लपला होता याचं कारण मात्र इतकं लांबण लावून सांगितलं, की मागच्या रांगेत घोरण्याचा आवाज आला.

खेळ सुटल्यावर पायऱ्यांवर जत्राच भरली. काका म्हणत होते, पहिल्याची सर नाही पण पैसे वसूल. ट्रकचालक म्हणाले, भावाला उगाच बोलका केला. पार्लरवालीने डोळ्यातलं काजळ पुसत जाहीर केलं, की सिनेमा भिकार आहे आणि ती रविवारी आईला घेऊन परत येणार आहे.

ताई दोघांचा डबा घेऊन वर गेली. धाकटा प्रोजेक्टरजवळ स्टुलावर बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय रे? लागला ना शेवटी?"

"लागला. पण ताई, हे नव्हतं गं. मी जे ठरवलं होतं ते कितीतरी छान होतं. भाऊ बोटीखाली लटकून राहतो, मग दीपगृहाच्या..."

"मीठ-लिंबाचं?"

"हो."

"मला आवडला," ताई म्हणाली आणि लगेच तिला वाईट वाटलं, कारण त्याने असं पाहिलं, जणू तिने त्याच्या ताटातला शेवटचा घास उचलला. मग ती डबा उघडत म्हणाली, "तुझ्या डोक्यात आठ वर्षं जो चालला होता त्याच्यापुढे कुणाचा टिकणार होता? कंपनीला बिचारीला एकच सिनेमा काढायचा होता. तू दर जेवणाला नवा काढायचास."

त्याला नाइलाजाने हसू आलं. "तुला खरंच आवडला?"

"भाऊ दाराशी येतो आणि कप्तान त्याला ओळखतच नाही, तेव्हा मी रडले. पार्लरवालीचा रुमाल भिजवला. पण मधे झोपही लागली थोडी."

"बर्फात?"

"बर्फात. आता जेव. दुपारचा खेळ आहे."

खाली घंटा झाली. बाहेर पुढच्या खेळाची रांग लागली होती आणि आधीचा खेळ पाहिलेले लोक तिथेच रेंगाळून रांगेतल्यांना म्हणत होते, "सांगणार नाही, सांगणार नाही," आणि सगळं सांगत होते. धाकट्याने दोन घास पोटात ढकलले, हात पुसले आणि उठला.

"मी मध्यंतरानंतर येऊन बसेन," ताई म्हणाली. "बर्फ संपला की हाक मार."