घड्याळजींच्या खोलीतले स्प्रिंगटेल

त्या डोंगरपट्ट्यातल्या मातीत कोणकोणते स्प्रिंगटेल, म्हणजे उड्या मारणारे बारीक कीटकासारखे जीव, राहतात, हे तोवर कुणी नीट पाहिलंच नव्हतं. संग्रहालयाच्या जाडजूड यादीत त्या अख्ख्या भागासमोर दोनच नोंदी होत्या, आणि त्यातल्या एकीपुढे प्रश्नचिन्ह होतं. म्हणून संग्रहालयानं आपल्या एका अभ्यासक बाईला आठ महिन्यांसाठी तिकडे पाठवलं. चाळीस ठिकाणची माती उकरायची, तिच्यातले जीव वेगळे काढायचे, ओळखायचे आणि यादी करायची, एवढंच काम.

ती पंचेचाळिशीची, एकटी, कमी बोलणारी. उतारावर वसलेल्या त्या लहानशा गावात तिनं एका घराची माडी भाड्यानं घेतली. खाली रस्त्याच्या बाजूला घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्याच्यामागे म्हाताऱ्या घड्याळजींची खोली, त्याच्याही मागे स्वयंपाकघर. घरात माणसं दोनच, घड्याळजी आणि त्यांची सून. सून शाळेच्या कचेरीत कारकून होती. घरातलं सगळं तीच बघायची.

आठवड्याभरात गावानं तिचं नाव ‘मातीवाली बाई’ ठेवलं. पोस्टमननं एकदा तिला थांबवून सगळी चौकशी केली. चावतात का? नाही. पिकं खातात का? नाही. कुणी विकत घेतं का? तेही नाही. मग त्या बिचाऱ्यांचं चुकलं तरी काय, म्हणून तुम्ही त्यांना दारूत बुडवता, असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. तिला हसू आवरेना.

बुडवत होती हे मात्र खरं. माडीवर तिनं बारा नरसाळी मांडली होती. प्रत्येकात जाळीवर माती, वर पेटता दिवा, खाली स्पिरिटची बाटली. दिव्याच्या उबेनं माती वरून वाळत जायची, तसे आतले जीव ओलावा शोधत खाली खाली सरकायचे आणि शेवटी टपकन बाटलीत पडायचे. स्प्रिंगटेल म्हणजे तिळाहूनही लहान, बिनपंखांचा जीव. पोटाखाली बेचक्यासारखी शेपटी दुमडून ठेवलेली. भ्याला की ती शेपटी सुटते आणि तो स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट उंच उडतो. पहिल्या दोन महिन्यांत तिला एकतीस जातींचे मिळाले. निळसर, पट्टेरी, मखमलीसारखे केस असलेले, वाटाण्यासारखे गोल. रोज सकाळी ती बाटल्या काढायची तेव्हा लहान मुलीसारखी अधीर झालेली असायची.

घड्याळजींकडे लक्ष देऊ नका, असं सुनेनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. डोळे अजून तेज आहेत, हात स्थिर आहेत, पण डोकं जरा इकडेतिकडे जातं. ते रोज सकाळी आपल्या कामाच्या टेबलाखालच्या कोपऱ्यात फरशीवर पांढरा कागद पसरायचे, डोळ्याला भिंग लावून ओणवे व्हायचे आणि अर्धा अर्धा तास तसेच बघत राहायचे. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणायचे, आले का ते बघतोय. तीन वर्षं हे चाललं होतं. सुनेनं विचारणं सोडून दिलं होतं.

एका सकाळी त्यांनी मातीवाल्या बाईला हाक मारली आणि तिच्या तळहातावर एक काचेची डबी ठेवली, घड्याळाचे बारीक स्क्रू ठेवायची असते तसली. आत चिमूटभर पीठ असावं असं काहीतरी होतं.

“यांच्या पोटाखाली कमान आहे, घड्याळातल्या स्प्रिंगसारखी,” ते म्हणाले. “दाबून ठेवलेली. मी पन्नास वर्षं कमानी बसवतोय, मला कळतं.”

तिला वाटलं, धूळ असेल. तिनं डबी वर नेली, मायक्रोस्कोपखाली ठेवली. स्प्रिंगटेलच होते. पण असले तिनं फक्त चित्रांत पाहिले होते. अंगाला रंग नाही, लांबलचक मिशा, लांब नख्या, आणि जिथे डोळे असायचे तिथे गुळगुळीत कातडी. हे गुहेतले जीव. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून डोळे गमावलेले. ते वर येत नाहीत. आले तर कोरड्या हवेत तासाभरात मरतात.

तिनं घराखाली तळघर आहे का म्हणून विचारलं. सून म्हणाली, छे, खाली नुसता भराव आहे. घर बांधलं तेव्हा मामंजी स्वतः उभे होते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच घड्याळजींच्या शेजारी गुडघे टेकून बसली. खोलीत सत्तर-ऐंशी घड्याळं असतील, पण एकही चालू नव्हतं. दुरुस्त झालेली घड्याळं ते पुढच्या दुकानात नेऊन ठेवत आणि मगच चावी देत. दोन फरश्यांमधल्या केसाएवढ्या फटीतून ते पांढरे ठिपके वर आले, एकामागोमाग एक, घाई न करता. कागदावर गोळा झाले. मग उडाले. सगळे एकाच वेळी. पुन्हा उडाले, पुन्हा उडाले आणि थांबले. जराशानं परत तसंच. तीनदा, आणि थांबले.

वीस वर्षांत तिनं लाखो स्प्रिंगटेल पाहिले होते. भ्याले की ते उडतात, आणि तेही जो तो आपापला. एका तालात उडणारे तिनं ऐकलेसुद्धा नव्हते. घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसाच्या वहीत तिनं फक्त जागा, वेळ आणि हवेतला ओलावा लिहिला.

पुढचे पंधरा दिवस तिनं बाकीची कामं बाजूला ठेवली. परसातून, गल्लीतून, शेजाऱ्यांच्या कुंपणापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत ती ठिकठिकाणची माती घेऊन आली. शेजाऱ्यांना वाटलं, बाईलाही घड्याळजींची लागण झाली. बहुतेक नरसाळ्यांत नेहमीचेच जीव पडले. पण सहा ठिकाणी ते पांढरे, बिनडोळ्यांचे निघाले, शेकड्यांनी. तिनं नकाशावर त्या सहा जागांवर टिंबं काढली आणि पट्टी लावली. डोंगराच्या पायथ्यापासून थेट या घरापर्यंत सरळ रेघ येत होती. रेघेच्या दहा पावलं डावीकडे एकही नाही, उजवीकडे एकही नाही. आणि घराच्या पलीकडेही एकही नाही. रेघ घड्याळजींच्या टेबलाखाली येऊन संपत होती.

ते खाली काय खात असतील, हे बघायला तिनं काही काचपट्टीवर चढवले. अंग पारदर्शक असल्यामुळे पोटातलं अन्न दिसतं. बुरशी असेल तर करडं, कुजकी मुळं असतील तर तपकिरी. यांच्या पोटात निळं होतं. नीट पाहिल्यावर कळलं, रंगवलेल्या लोकरीचे कण होते ते. पहिल्याच्या पोटात, दुसऱ्याच्या, सगळ्यांच्याच.

संध्याकाळी सून स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मातीवाल्या बाईनं सहज विचारावं तसं विचारलं, “वहिनी, निळं लोकरीचं काही पुरलं होतं का हो कधी इथे? घोंगडी वगैरे?”

सुनेचे हात थांबले. मग तिनं सुरी खाली ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. तिचा नवरा प्लंबर होता. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. दुकान कोण चालवणार यावरून. तुमचं तोंड पुन्हा पाहणार नाही, असं म्हणून तो हत्यारांची पिशवी उचलून निघाला, तो परत आलाच नाही. कुणीतरी त्याला बसस्थानकावर एका बाईबरोबर पाहिलं म्हणालं, आणि गावानं ते खरं धरलं. शाळेत, दुकानात, लग्नकार्यात लोक तिच्याकडे कसे बघायचे ते तिनं सांगितलं नाही, पण तिच्या बोलण्यातून ते कळत होतं. तिनंही मग तेच खरं धरलं होतं. रागावणं रडण्यापेक्षा सोपं होतं.

“ओल्यात काम करायचा ना,” ती शेवटी म्हणाली. “म्हणून मी स्वेटर विणून दिला होता. त्या दिवशी अंगात तोच होता. निळा.”

दारात घड्याळजी उभे होते. ते कधी आले, हे दोघींनाही कळलं नव्हतं. सुनेनं त्यांना बसायला सांगितलं, पण ते चौकट धरून उभेच राहिले.

“तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून,” ते म्हणाले, “मला एक ठोका ऐकू येत होता. कुठल्या तरी घड्याळाचा, पण अडखळणारा. तीनदा, आणि थांबायचा. मी एकेक घड्याळ कानाला लावून पाहिलं. सापडेना. मग सगळी बंद केली. खोलीतली, दुकानातली, मनगटावरचंसुद्धा काढलं. तरी येतच होता. चार दिवस आला. पाचव्या दिवशी बंद पडला.”

सून उठून उभी राहिली.

“असा ठोका कुठल्याच घड्याळाचा नसतो,” ते म्हणाले. “मला माहीत होतं. मी म्हटलं, डोकं फिरलंय माझं. फरशी उचलून बघावं, असं मनात आलं नाही, असं नाही. आलं होतं.”

सकाळी मातीवाली बाई नकाशा घेऊन तालुक्याच्या गावी पाणीखात्यात गेली. तिथला अभियंता तरुण आणि सभ्य होता. किड्यांवरून फरशी फोडायची, हे ऐकून तो हसला नाही हेच विशेष. कपाटाच्या तळातून त्यानं एक जुना, चिरगुटासारखा झालेला आराखडा काढला. गाव व्हायच्या आधी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खाली आणायला दगडी भुयारी पाट बांधला होता. तो केव्हाच टाकून दिलेला, आणि पुढच्या नकाशांवरून गळलेला. त्यानं तिची रेघ आराखड्यावर ठेवली. ती पाटावर तंतोतंत बसली.

दोन गवंड्यांनी भर दुपारी घड्याळजींच्या टेबलाखालची फरशी उचलली. भराव दीड हात खोल निघाला. मग दगडी कमान लागली. तिच्यातला एक दगड सरकवला तशी खालून थंडगार, ओली हवा वर आली आणि टेबलावरचे कागद फडफडले. अभियंता आधी उतरला. जरा वेळानं त्यानं मातीवाल्या बाईला हाक मारली. भिंतींवर काय आहे ते कळत नाही, म्हणाला.

ती शिडीवरून खाली गेली. टॉर्चच्या उजेडात पाटाच्या भिंती चुना दिल्यासारख्या पांढऱ्या होत्या. तो चुना हलत होता. एवढे स्प्रिंगटेल एका जागी तिनं जन्मात पाहिले नव्हते. आणि आवाज येत होता, वाळू झिरपावी तसा, लाखो कमानी सुटल्याचा. डोंगराच्या बाजूला वाट ढासळलेल्या दगडांनी बंद झाली होती. दुसऱ्या बाजूला पाट जुन्या भिंतीनं बुजवलेला. मधल्या तेवढ्या जागेत, बरोबर टेबलाच्या खाली, तो भिंतीला टेकून बसला होता. अंगावर स्वेटरचं जे उरलं होतं ते निळं होतं. हाडांच्या बोटांत पाना होता. डोक्यावरच्या दगडावर ठोकून ठोकून एक वाटीएवढा खळगा पडला होता.

त्या दिवसांत गावाच्या खालच्या भागात पाणी झिरपत होतं, ते कुठून येतं हे शोधायला तो बहुधा पाटाच्या डोंगराकडच्या तोंडातून आत शिरला असावा. रागाच्या भरात कुणाला सांगून गेला नाही. त्याच्या मागे पाटाची दगडी कमान कोसळली. अंधारात चाचपडत तो पुढे सरकत राहिला, आणि वर आपलंच घर आहे, हे त्याला कळलं असेल का, हे कुणालाच कधी समजणार नाही. अभियंता म्हणाला, कळणं शक्य नाही. पण घड्याळजींनी बंद करेपर्यंत पुढच्या दुकानात चाळीस घड्याळं चालू होती, आणि दगडातून आवाज दोन्हीकडे जातो. हे मातीवाल्या बाईच्या मनात आलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

सुनेनं हंबरडा फोडला नाही. तिनं स्वतः खाली उतरून त्याच्या अंगावरून ते पांढरे जीव मऊ कुंचल्यानं झाडले. कुंचला तिनं मातीवाल्या बाईकडूनच मागून घेतला. तिनं घाई केली नाही. अंत्यसंस्काराला सगळं गाव आलं. बसस्थानकाची गोष्ट ज्यानं पसरवली होती, तोही आला आणि मान खाली घालून मागे उभा राहिला. सुनेनं त्याला ओळख दिली नाही.

घड्याळजी त्यानंतर दुकानात बसले नाहीत. सून त्यांच्यावर चिडेल, त्यांना टाकून माहेरी जाईल, असं लोक बोलत होते. ती महिनाभर त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. रोज ताट वाढायची आणि उठून जायची. एके दिवशी मात्र ती त्यांच्यासमोर बसून जेवली.

मातीवाल्या बाईनं राहिलेल्या जागा पुऱ्या केल्या. यादी सत्तावन्नावर गेली. तो पांढरा जीव कुठल्याच पुस्तकात सापडेना, म्हणजे नवा होता आणि त्याला नाव देणं तिच्याकडे आलं. निघायच्या दोन दिवस आधी तिनं सुनेला विचारलं, तुमच्या यजमानांचं नाव देऊ का?

“नको, ताई,” सून म्हणाली. “अकरा वर्षं त्याच्याजवळ तेच होते. मी नव्हते. त्यांना त्याचं नाव दिलं, तर तो त्यांचाच होऊन जाईल.”

तिला ते पटलं. तिनं त्याला त्या डोंगरातल्या दगडाच्या रंगावरून एक साधं नाव दिलं, आणि सामान बांधायला घेतलं. बारा नरसाळी एकात एक घालून ठेवली, बाटल्या कापसात गुंडाळल्या. सून शाळेतून येताना रद्दीतले कागद घेऊन आली. दोघींनी मिळून खोकी भरली, दोऱ्या बांधल्या. सकाळची बस सातला होती.