बुधवारची कातर

बातमी आली त्या गुरुवारी मी तिसरीच्या मुलींना शुद्धलेखन घालत होते. मार्च लागला होता, शाळेचे पत्रे दहा वाजताच तापायला लागले होते, आणि एका मुलीची पाटी पुसायला सांगत असताना मला दारात रंगराव कंडक्टर उभा दिसला. देऊळघाटच्या फाट्यावर मोटार थांबवून, उतारू तसेच बसवून ठेवून तो शाळेपर्यंत चालत आला होता. टोपी त्याने काढून हातात धरली होती. नांदुऱ्याहून निरोप आहे, असं सांगून तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "अर्जुनराव गेले, बाई. सकाळीच, काट्यापाशी उभे असताना." मी मुलींना पाट्या खाली ठेवायला सांगितलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, हे मी लपवणार नाही. आता हा माणूस 'चुकलं' असं कधीच म्हणणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं आणि मला संताप आला.

अर्जुनराव म्हणजे माझे पती. नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाच्या वजनकाट्यावर कारकून होते. स्टेशनामागे तानाबाई नावाच्या म्हातारीच्या घरात खोली घेऊन राहायचे, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. रविवारचं मात्र एक काम ठरलेलं होतं. त्यांच्या नाकातले आणि कानातले केस फार वाढत. चाळिशीनंतर तर कानांतून काळेपांढरे झुबके बाहेर येऊ लागले होते. लहानपणी एका न्हाव्याने त्यांच्या कानाला वस्तरा लावला होता, तेव्हापासून ते न्हाव्याला कानाच्या आसपास येऊ देत नसत. म्हणून रविवारी आंघोळ झाली की ते अंगणात उन्हाकडे कान करून पाटावर बसत, आणि मी बाजूच्या पायरीवर बसून भरतकामाच्या छोट्या कातरीने आधी एक कान, मग दुसरा, आणि शेवटी नाक साफ करून देई. नाकाच्या वेळी ते मान मागे टाकून डोळे मिटत आणि श्वास रोखून धरत. डाव्या कानात आत एक तीळ होता आणि त्या तिळातून एकच लांब केस आला होता. तो कापू नये असं त्यांच्या आईने सांगून ठेवलं होतं, म्हणून मी तो बोटाने गुंडाळून तिळामागे दडपून ठेवत असे. ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

जानेवारीत हे काम मी बंद केलं. अकोल्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मला जूनपासून दोन वर्षांसाठी जागा मिळाली होती आणि होकार पंधरा दिवसांत कळवायचा होता. ते पत्र त्यांच्या हाती पडलं. घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही, असं उत्तर त्यांनी परस्पर लिहिलं आणि खाली माझ्या नावाची सही केली. मला कळलं तोवर ती जागा दुसरीला गेली होती. विचारलं तर म्हणाले, पगार येतोच आहे, आणखी शिकून काय करायचं. त्या रविवारी ते नेहमीप्रमाणे पाट टाकून बसले. मी आतूनच म्हटलं, "ज्या हाताने माझी सही केलीत, त्याच हाताने कातर चालवा."

त्यांनी ती चालवली नाही. दर रविवारी ते पाट टाकत, थोडा वेळ उन्हात बसत आणि उठून जात. असे सात रविवार गेले. कानांतले झुबके वाढत गेले, नाकातले केस मिशीत येऊन मिसळले, आणि जेवायला वाढताना मी ते पाहत असे व मला बरं वाटत असे. ते चुकलं म्हणाले असते तर मी तत्क्षणी कातर घेतली असती. तेवढाच एक शब्द मला हवा होता.

त्या गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास जिनिंगच्या ट्रकमधून त्यांना घरी आणलं. अंगणात ठेवून तोंडावरचं कापड बाजूला केलं, तेव्हा बायांनी मला पुढे ढकललं. मी वाकले आणि तशीच राहिले. त्यांचे कान स्वच्छ होते. नाक स्वच्छ होतं. तीन दिवसांपूर्वी सोमवारी पहाटे कंदिलाच्या उजेडात मी त्यांना जाताना पाहिलं होतं, तेव्हा झुबके होते तसेच होते. मी त्यांचं डोकं थोडं वळवलं. मी मुखाला हात लावते आहे असं वाटून बायांनी गळे काढले. डाव्या कानात तिळामागे तो एक केस नीट गुंडाळून दडपलेला होता.

म्हणजे त्यांनी हेही कुणाला तरी सांगितलं होतं. सात आठवडे तोंडातून एक शब्द निघाला नाही, आणि तिथे कुणापुढे तरी मान मागे टाकून, डोळे मिटून, श्वास रोखून बसले होते. त्यानंतर माझी नणंद मंजुळाबाई आली, तिने माझं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, आणि मी तिला जे करायचं ते करू दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी नाही याची कुजबुज झाली तीही मी ऐकली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला त्यांच्या जिनिंगमधले भाऊराव आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की यांचे कान कोणी साफ करून दिले. त्यांना तो प्रश्न विचित्र वाटला असावा, पण ते भले गृहस्थ, त्यांनी आठवून सांगितलं. "मंगळवारपर्यंत तं होते, वैनी. आम्ही टवाळी केली त्यायची. म्हटलं, कानातून कापसाची पऱ्हाटी उगवून राह्यली तुह्या, वेचाले बाया लाव. तं म्हणे, माह्या कानाची मालकीण रुसली आहे." एवढं बोलून ते हसले, आणि मग आपण हसलो याची त्यांना लाज वाटली.

मंगळवारी होते, गुरुवारी सकाळी माणूस गेला. मधे एक बुधवार होता. पुढचे दहा दिवस घरात जे काय चाललं होतं ते नुसतं माझ्यासमोर चाललं होतं. मी मनाने त्या बुधवारापाशी बसून होते. ती बाई कशी असेल, तिचे हात कसे असतील, कातर तिची की त्यांनी विकत आणलेली, हे मी ताटावर बसून ठरवत असे आणि घास तसाच राहत असे. तेराव्याला माझ्या भावाने बुलढाण्याच्या दुकानातून एक फिकं राखी लुगडं आणलं. दुसऱ्या दिवशी तेच नेसून मी नांदुऱ्याची मोटार धरली. त्यांचं सामान आणायला जाते, असं मी घरी सांगितलं होतं.

तानाबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी तिच्याकडे यापूर्वी दोनदाच आले होते, पण तिने मला पाहताच ओळखलं. 'या' म्हणाली, मात्र उठली नाही, आणि हातातलं कामही थांबवलं नाही. समोर एक सपाट दगड होता आणि त्याच्यापुढे पाट. मी उभ्याउभ्याच विचारलं, की यांच्या खोलीवर कोणी बाई येत होती का.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "काऊन विचारता बाई? तुम्हीच तं आल्या होत्या बुधवारी."

मी तिला सांगितलं की बुधवारी आमच्या शाळेची तपासणी होती. साहेबांसमोर मी चार वाजेपर्यंत उभी होते, हेडबाई आणि चाळीस मुली साक्षीला आहेत. सांगताना माझा आवाज चढला. तिने माझ्याशी वाद घातला नाही. देठ खुडत राहिली आणि मग स्वतःशी बोलावं तसं बोलली. "जिनिंगचा भोंगा झाल्यावर ते जेवाले आले, तं तुम्ही या दगडावर बसेल. ते पाटावर बसले. कान साफ करून देल्ले तुम्ही त्यायचे, नाक करून देल्लं. म्हटलं, बरं झालं, मिटलं यायचं."

मी विचारलं, ती काय नेसली होती.

तानाबाईने मिरचीने माखलेलं बोट माझ्या लुगड्याकडे केलं. "हेच. अन् कपाळ असंच मोकळं, हातही असेच. मले तुमचा राग आला, खोटं काऊन बोलू? नवरा समोर बसला अन् बाई अशी. शिकलेल्या बाया पाळत नसतील म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते गेले, तईपासून मी तेच आठवून राह्यली."

त्या बुधवारी हे लुगडं बुलढाण्याच्या दुकानात घडी करून ठेवलेलं होतं. मला बसावंसं वाटलं, पण बसायला तो दगडच होता, म्हणून मी उभी राहिले. मग मी विचारलं की ते काही बोलले का.

"बोलले नं. चुकलं म्हणे. दोन डाव म्हटलं. सही केली ते चुकलं."

एवढ्या एका शब्दासाठी मी सात रविवार कातर हाती घेतली नव्हती. तो शब्द ऐकला की राग उतरेल अशी माझी समजूत होती. तो उतरला नाही, उलट वाढला, कारण तो शब्द माझा होता आणि दुसरीने नेला होता.

"मग मी काय म्हणाले?" माझ्या तोंडून गेलं.

तानाबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. "काहीच नाही. कातर पदराले पुसली अन् चालल्या गेल्या. ते तिथं फाटकापर्यंत येऊन पाहत राह्यले."

मिरच्यांचं सूप उचलून ती आत गेली. माझी मोटार चारला होती. मी दगडावर बसले. पदर मी मुठीत घट्ट धरला होता, तो उघडून कातर पुसल्याची खूण पाहावी असं मला वाटलं नाही. ऊन कलून पाटावर आलं, तिथे बराच वेळ राहिलं आणि भिंतीकडे सरकलं. त्यांच्या 'चुकलं'वर 'जाऊ द्या', एवढंच म्हणायचं होतं, आणि अंगणात दुसरं कोणी नव्हतं. मी ते म्हटलं नाही.