पान-नंबर सरांचा तास

इतिहास शिकवणाऱ्या सरांना आईवडिलांनी हौसेनं नाव ठेवलं होतं, पण कॉलेजात ते फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी ते पान-नंबर सर. कुणी काहीही सांगितलं की मान जराशी तिरकी करून ते विचारत, "कुठं वाचलंत? पान कितवं?" शिपायानं येऊन वरच्या मजल्यावर पाणी नसल्याचं सांगितलं, तरी "तुम्ही स्वतः नळ सोडून पाहिलात, की कुणी सांगितलं?" हे विचारल्याखेरीज सरांना तहान लागत नसे.

घरी बायकोनं कधीच हात टेकले होते. "अहो, मी शेजारणीच्या सुनेबद्दल सांगतेय. याला पान नसतं."

"मग तुला कुणी सांगितलं ते तरी सांग."

"शेजारणीनं."

"म्हणजे एकाच बाजूचा स्रोत," सर म्हणत आणि पुन्हा जेवायला लागत. पुढची हकीकत मात्र ते कान टवकारून ऐकत.

आठवड्यातून एकदा, दुपारच्या शेवटच्या तासाला, ते मुलांना पुस्तकांतून टिपणं काढायला शिकवत. परीक्षेत या तासाला मार्क नव्हते. सरांचा जीव मात्र याच तासात अडकलेला होता. बाकी आठवडाभर ते सनावळ्या शिकवत आणि मुलं त्या विसरत. त्यात दोन्ही बाजूंचं समाधान होतं. पण हा तास आपण गेल्यावरही मुलांच्या हातात राहील, असं त्यांना वाटे.

सुरुवातीला तर आनंदच होता. एक मुलगा सगळी पुस्तकं पिवळ्या पेनानं रंगवून आणायचा. महत्त्वाचं तेवढंच रंगवायचं असतं, असं सरांनी सांगितल्यावर तो गोंधळला. "पण सर, लेखकानं बिनमहत्त्वाचं कशाला लिहिलं असेल?" त्याचं नाव त्याच दिवशी पिवळ्या पडलं. एका मुलीनं अख्खं प्रकरण इमानेइतबारे उतरवून आणलं, त्यात "शेजारील आकृती पाहा" हेही होतं. आकृती नव्हती. आणखी एकाच्या कार्डावर "फार महत्त्वाचं!!" एवढंच लिहिलेलं, खाली तीन रेघा. काय महत्त्वाचं, ते त्यालाही आठवेना.

सरांचे नियम मोजके होते. एका कार्डावर एकच गोष्ट. वर आधी स्रोत: कुणाचं, कशात, कुठल्या पानावर. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हांत. आशय आपल्या शब्दांत लिहायचा असेल तर पुस्तक मिटून लिहायचा, उघडं ठेवून नाही. आणि स्वतःचं मत कंसात, त्याच्या आधी 'मी'.

"कंस कशाला, सर?" पिवळ्यानं विचारलं. "सगळं मीच तर लिहितोय."

"सहा महिन्यांनी तुला तुझं मत लेखकाचं वाटायला लागतं आणि लेखकाचं तुझं. मग तू विद्वान होतोस. ते टाळायचं आहे."

पुस्तकं झाल्यावर सर माणसांकडे वळले. बोलणारा माणूस हाही स्रोतच, तेव्हा घरच्या कुणाच्या तरी बोलण्याचं टिपण काढून आणा, असा त्यांनी गृहपाठ दिला. पिवळ्यानं आईचं आणलं: " 'अगदी बापावर गेलायस.' (मी: स्तुती की निंदा, कळलं नाही. बाबा त्या वेळी घरात होते. तेही काही बोलले नाहीत.)" सरांनी त्याला वर्गासमोर उभं करून ते वाचायला लावलं. पिवळ्याच्या आयुष्यातलं ते पहिलं रंग न दिलेलं वाक्य होतं.

पण वर्गाचा खरा मासला म्हणजे पहिल्या बाकावरची टाचणी. अंगानं बारीक, बोलणं बेताचं आणि जिथं टोचायचं तिथं बरोबर टोचणारी. एकदा सरांनी फळ्यावर एक उतारा लिहिला आणि खाली स्रोत द्यायला विसरले. टाचणीनं हात वर केला. "सर, हे कुणाचं?" सरांनी आठवून पाहिलं, आठवेना, त्यांनी फळा पुसला. वर्ग हसला. सरही हसले, पण घरी येईपर्यंत त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

माणसांची टिपणं सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत विभागप्रमुख वर्गात डोकावून गेले होते. ते कुठंही पूर्ण आत येत नसत. दारातच अर्धा तास थांबून, निघता निघता काहीतरी बोलून गेले. सरांनी त्यांना विचारलं होतं, हा तास पुढच्या वर्षी राहील ना? त्याचं उत्तर सरांच्या कानात चांगलं घुमत राहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "साहेब अनुकूल वाटले." महिन्याभरानं सांगितलं, "साहेबांनी जवळजवळ होच म्हटलंय." वर्ष संपत आलं तेव्हा साहेबांनी शब्द दिलेला होता.

आणि मग पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाचा मसुदा लागला. टिपणांच्या तासाच्या चौकोनात 'प्रभावी सादरीकरण' असं छापलेलं होतं. शिकवणार: विभागप्रमुख.

सर तडक प्राचार्य बाईंच्या खोलीत गेले. बाई गणिताच्या. त्यांच्यासमोर कुणी "साधारण" हा शब्द वापरत नसे. त्यांनी विभागप्रमुखांनाही बोलावून घेतलं.

"त्यांनी मला शब्द दिला होता, बाई," सर म्हणाले. "तास चालू राहील म्हणून. वर्गात, मुलांसमोर."

"मी?" विभागप्रमुख हसले. "अहो, माझा या तासाला पहिल्यापासून तत्त्वतः विरोध आहे. मुलांनाही नको आहे. आजकाल सगळं एका बटणावर मिळतं, टिपणं कसली काढताय? शब्द वगैरे मी काही दिलेला नाही."

"दिलात."

"नाही दिला."

बाईंनी चष्मा काढला. "पुरावा आहे?"

सर वर्षभर याच प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखे ताठ बसले. "आहे! बोलणाऱ्या माणसाची टिपणं घेण्याचा सराव मी मुलांकडून करून घेतला होता, आणि साहेब बोलायला लागल्याबरोबर पहिल्या बाकावर पेन उघडलेलं मी पाहिलं होतं. त्या मुलीला बोलवा. तिचं कार्ड म्हणजे दगडावरची रेघ."

टाचणी आली. कार्डांचा गठ्ठा दोऱ्यानं बांधलेला होता. तिनं तो सोडला, हवं ते कार्ड काढलं आणि सरांकडे पाहिलं.

"सर, सगळं वाचू?"

"सगळं," सर मोठ्या मनानं म्हणाले. "अक्षर न् अक्षर."

टाचणीनं वाचायला सुरुवात केली.

"बोलणारे: विभागप्रमुख. ठिकाण: वर्गाचं दार, एक पाय बाहेर. ऐकणारी: मी, पहिला बाक. सरांनी विचारलं, तास राहील ना. उत्तर, अवतरणचिन्हांत: 'बघू या.' " मग एका दमात म्हणाली, "कंसात. मी: हा होकार नाही. सरांना तो होकार वाटला आहे. सर खूश दिसतात."



"ऐकलंत!" विभागप्रमुखांनी टेबलावर थाप मारली. "बघू या! मी हेच म्हणालो होतो. आता आठवलं, अगदी शब्दशः. वा, मुली! काय लिहिलं आहेस! एका शब्दाचा फरक नाही. बाई, मी या टिपणाखाली सही करून देतो."

वर्षभर ज्यांना शिकवलं, आपलं ऐका पण तपासून घ्या, त्यांच्यातल्याच एकीला आपण कार्ड न तपासता साक्षीला उभं केलं, हे सरांच्या लक्षात आलं. तास गेला, हेही आलं. आणि त्या दोन्हींच्या पाठोपाठ, काही कारण नसताना, छातीत काहीतरी फुगायला लागलं. ही मुलगी तो कंस गाळू शकली असती. कुणाला कळलं असतं? तिचा आवडता तास होता तो. समोर सर होते. आणि तरी तिनं कंस वाचला, तोही 'मी' सकट.

"झालं वाचून?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. अजून दोन ओळी आहेत."

"आता काय राहिलंय?" विभागप्रमुख म्हणाले. "मुद्दा आला की."

"सगळं वाचायला सांगितलंय तिला," बाई म्हणाल्या. "वाच."

"पुढं, अवतरणचिन्हांत, तेच बोलणारे: 'उपक्रम चांगला आहे. अडचण फक्त खोलीची आहे. तेवढी सुटली तर माझी काही हरकत नाही.' कंसात. मी: हे बोलताना त्यांनी घड्याळ पाहिलं."

विभागप्रमुखांचा हात टेबलावर होता तिथंच राहिला.

"असं... असं मी म्हणालो असेन, असं मला वाटत नाही."

"आत्ताच तर तुम्ही म्हणालात, एका शब्दाचा फरक नाही," बाई म्हणाल्या. "सही करून देत होतात."

"ती पहिल्या वाक्यापुरती..."

"एकाच कार्डावर, एकाच हातानं लिहिलेलं आहे. आणि जी मुलगी स्वतःच्या सरांना बुडवणारं वाक्य माझ्यासमोर न चाचरता वाचते, ती तुमच्यासाठी एक वाक्य बनवून आणेल, हे मला पटत नाही." बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "शब्द दिला नव्हता, हे सिद्ध झालं. सर, तुमचं चुकलं."

"चुकलं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता, की बाईंनी खात्री करून घेण्यासाठी पुन्हा पाहिलं.

"तत्त्वतः विरोध नव्हता, हेही सिद्ध झालं. अडचण फक्त खोलीची. खोली मी देते. जिमखान्याची आहे, टेबल टेनिसचं टेबल हलवता येणार नाही, पण त्याच्याभोवती बसता येईल. तुमचं सादरीकरण दुसऱ्या वेळेला ठेवा. करा प्रभावी."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर टाचणी मान खाली घालून गठ्ठ्याला दोरा गुंडाळत होती. गाठ काही बसेना.

"सर, रागावलात?"

"मी?" सरांनी घसा खाकरला. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. शेवटी त्यांनी जमेल तेवढा कडक आवाज काढला. " 'सर खूश दिसतात' हे तू कशावरून लिहिलंस? आधार काय?"

"तुम्ही डस्टर पिशवीत घालून घरी घेऊन गेलात, सर. दुसऱ्या दिवशी फळा पुसायला काही नव्हतं."

"मग ते लिहायला हवं होतं. आधाराशिवाय मत लिहायचं नाही."

"हो, सर." टाचणी कार्ड काढून तिथंच, भिंतीला टेकवून लिहायला लागली. सर तिचं लिहून होईपर्यंत उभे राहिले. तिला दिसू नये म्हणून नोटिस बोर्डाकडे तोंड करून.

संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. "काय झालं तासाचं?"

"राहिला."

"म्हणजे साहेबांनी शब्द पाळला!"

"शब्द दिलाच नव्हता. 'बघू या' म्हणाले होते." आणि सरांनी सगळं सांगितलं, पाय बाहेर, घड्याळ, कंस, काही न गाळता. बायको निवडायची थांबली. लग्नापासून आजवर नवऱ्याची कुठलीही हकीकत तिनं इतक्या कमी मीठमसाल्यात ऐकली नव्हती.

"थांबा. म्हणजे त्या एवढ्याशा पोरीनं प्राचार्यांसमोर तुम्हाला तोंडावर पाडलं."

"साफ."

"आणि तुम्ही आल्यापासून शीळ घालताय."

"अगं, इतकी वर्षं शिकवतोय, आजपर्यंत एकालाही असं पाडता आलं नव्हतं!" सर उठून उभे राहिले. "त्या पोरीला मी शिकवलंय, मी!"

"बरं बरं. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे," म्हणत सरांनी फोन उचलला, गावाकडच्या थोरल्या भावाचा नंबर लावला आणि पलीकडून "हॅलो" यायच्या आतच सांगायला लागले, "दादा, ऐक, आज मी असा तोंडावर पडलोय म्हणून सांगू..."