मशीन वाजेपर्यंत थांबायचं

दिवसाला पाणी पाऊण लिटर. वरणातलं धरून.

बकरी हरवली आहे. पांढरी, डाव्या शिंगाला लाल रिबन. सापडल्यास घरी आणून द्यावी, हॉटेलात नेऊ नये.

एके उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आलं होतं.

डाव्या हातात दोन सुया. तो हात हलवायचा नाही.

पुणे. छोट्या नाटकांचा महोत्सव. शुक्रवार, शनिवार, रविवार. आपला नंबर शुक्रवारी, संध्याकाळी सहाला. प्रयोग पन्नास मिनिटांचा, माणूस एकच.

"ताहेरभाई, गप बसा की वं," शेजारच्या पलंगावरून नागाबाई म्हणाल्या. "माझी मशीन वाजंल."

ताहेरला तेच हवं होतं.

वीस-बावीस वर्षं तो रिक्षात बसून, माईक तोंडाला लावून नांदेडच्या गल्ल्यांतून हिंडला होता. साड्यांचे सेल, हरवलेली पोरं, हरवलेल्या बकऱ्या. मग किडन्या गेल्या आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते आठ, डायलिसिसच्या पलंगावर पडून राहणं नशिबी आलं. रक्त नळीतून बाहेर जायचं, मशीनमध्ये धुऊन परत यायचं. ताहेरला बोलल्यावाचून राहवेना. आजूबाजूला सात माणसं, त्यातल्या एकालाही उठून जाता येत नव्हतं. असं पब्लिक त्याला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

फक्त हसायची चोरी होती. हसलं की हात हले, हात हलला की सुई सरके आणि मशीन टीं टीं करू लागे. करिश्मा सिस्टर धावत येई, मशीन गप्प करी आणि ताहेरला दम भरी. नायगावहून एसटीनं येणाऱ्या नागाबाई तोंडात पदर कोंबून पडून राहत, तरी त्यांचीच मशीन जास्त वाजे. मशीन वाजली म्हणजे विनोद पोचला. दुसरी टाळी ताहेरला ठाऊक नव्हती. विनोद टाकायचा आणि कान लावून थांबायचं.

कोपऱ्यातल्या पलंगावरच्या आपल्या मामाला भेटायला आलेल्या आदर्शनं हे ऐकलं. तो लातूरला शिकवणीत फिजिक्स शिकवी आणि उरल्या वेळात नाटकं बसवी. त्यानं सगळं लिहून काढलं, रंगमंचावर एक पलंग एवढंच ठेवायचं ठरवलं आणि पुण्याच्या महोत्सवाला अर्ज केला. निवड झाली. दर रविवारी ताहेर लातूरला जाऊ लागला. शिकवणीच्या हॉलमध्ये बाकं होती, फळ्यावर अर्धवट पुसलेली समीकरणं होती. मशीन नव्हती. पहिल्या दिवशी ताहेर एक विनोद टाकून थांबला तो थांबूनच राहिला.

मग प्रयोग नेमका शुक्रवारी, डायलिसिसच्याच वेळेला आला आणि घोळ सुरू झाला. पुण्यातलं एक सेंटर त्या दिवशी पलंग द्यायला तयार होतं, पण चार ते आठच. नांदेडला गुरुवारी जागा नव्हती. एक वेळ चुकवली तर चालेल का, असं त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि भाचीच्या लग्नासाठी एक वेळ चुकवलेल्या एका माणसाचं नाव सांगितलं. पुढचं काही सांगितलं नाही.

बारा दिवस उरले तेव्हा आदर्श हॉलवर शहेबाजला घेऊन आला. उदगीरचा नट, पस्तिशीचा, आवाज खणखणीत.

"लेखक म्हणून नाव तुमचंच राहील," आदर्श जमिनीकडे बघत म्हणाला.

ताहेरनं शहेबाजला सगळं शिकवलं. पडल्या पडल्या आवाज कसा काढायचा, डावा हात परक्याचा असल्यासारखा कसा ठेवायचा. शहेबाज अडला तो लातूरच्या विनोदापाशी. डॉक्टर म्हणले, तुझ्या अंगात चार लिटर पाणी जास्त हाय. म्या म्हणलं, साहेब, आधी सांगायचं ना, लातूरवाल्यांनी उगं रेल्वे मागिवली.

"चाचा, इथं थांबायचं कायकू?"

"इथं मशीन वाजती."

"पुण्यात कुठं मशीन?"

"न्हाई ना. मंग तूच थांब. चार मोज."

शहेबाजनं चार मोजले. मग त्यानं बाकावरची बाटली उचलली आणि गटागटा रिकामी केली. ताहेर त्याच्या गळ्याकडे बघत राहिला. ताहेरचं दुपारपर्यंतचं पाणी होतं ते.

शुक्रवारी चार वाजता सुया लागल्या. सहाच्या सुमाराला सगळे पलंग गप्प होते. नागाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सहा झाले. तिकडं पडदा वर गेला असंल."

"गेला असंल."

"मंग तुमी कामून गप? तोंडाला बी सुई लावली का?"

ताहेरनं छताकडे बघत पहिलं वाक्य म्हटलं. मग दुसरं. वहीत लिहिता लिहिता करिश्मा सिस्टरचा पेन थांबला आणि परत चालू लागला. सातही जणांनी हे सगळं चाळीसदा ऐकलेलं होतं. कुणी हसेल असं त्यात काही उरलं नव्हतं. ताहेर लातूरपाशी आला. रेल्वे मागवून झाली. तो थांबला.

एक. दोन. तीन. नळीतून रक्त फिरत होतं. चार.

मशीन वाजली.

ताहेरनं मान वळवली. नागाबाईंच्या तोंडात पदर नव्हता, चेहऱ्यावर हसू नव्हतं. सुयांच्या हाताचा कोपर त्यांनी सावकाश वाकवला होता आणि तसाच धरून ठेवला होता. सिस्टर आली, त्यांचा हात अलगद सरळ केला. बटणापर्यंत नेलेलं बोट तिनं थोडा वेळ तसंच ठेवलं. मशीन वाजत राहिली.

ती गप्प झाल्यावर ताहेर पुढच्या वाक्याला लागला.

पुण्यात त्या दिवशी आधीचं नाटक लांबलं. पडदा सात वाजता वर गेला.