शेवटच्या स्लाइडपर्यंत

एफ्राइनला दुसऱ्या स्लाइडच्या पुढे कुणी जाऊच दिलं नाही, आणि म्हणूनच तो शीळ घालत बाहेर आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"खाल्लं मला," तो दाराशी उभ्या असलेल्या कियानाला म्हणाला. "हाडंसुद्धा ठेवली नाहीत. म्हातारा तर दोनदा उठून फळ्यापाशी आला! जा, आता तुझी पाळी. मर."

"तू आधी तोंड धू. लांबूनच वास येतोय."

उन्हाळाभर दोघांचं हे असंच चाललं होतं. ज्यांच्या घराण्यात कुणी कॉलेजचं दार पाहिलं नाही, अशा मुलांना अर्थशास्त्राच्या पीएचडीसाठी तयार करायचं म्हणून विद्यापीठ हा वर्ग भरवी. टेक्सासच्या सीमेवर कांदे निवडणाऱ्यांचा एफ्राइन, कोळंबी पकडणाऱ्या व्हिएतनामी घरातली थान, अलाबामातल्या शाळेत जेवण रांधणाऱ्या बाईची कियाना. माहितीपत्रकात सगळे खांद्याला खांदा लावून हसत होते. प्रत्यक्षात ग्रंथालयातलं पुस्तक दुसऱ्याला मिळू नये म्हणून भलत्याच कपाटात दडपण्यापर्यंत मजल गेली होती. कारण प्रोफेसर हॅल्व्हरसन शेवटी एकालाच मदतनीस म्हणून ठेवून घेत, आणि त्यांच्या हाताखालून निघालेल्याला पुढे कुठलंही मोठं विद्यापीठ नाही म्हणत नसे. बाकीच्यांना प्रमाणपत्र, टोपी आणि परतीचा रस्ता.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी मधे तोडतो. बोलण्यात जीव असेल तरच तोडतो. ज्याला शेवटपर्यंत बोलू दिलं, त्याने काय ते समजावं." अर्थशास्त्रवाल्यांची ही रीतच आहे. तिथे मन लावून भांडतात तो मान, आणि सभ्यपणे ऐकून घेतात ती माती देणं. सकाळी थानचं सगळ्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं होतं. थान तेव्हापासून बाथरूममध्ये होती.

"पुढच्या रांगेतली ती हॅटवाली तुझी कोण?" एफ्राइनने विचारलं.

"आई. हॅटबद्दल एक अक्षर काढलंस तर बघ."

"मी कुठे काय म्हणतोय? मधेच आमेन म्हणू नको म्हणावं, एवढंच."

अर्लीन गेन्स दोन बस बदलून आली होती. जांभळी हॅट चर्चची, मांडीवर केकचा डबा. मुलीला जवळ येताना पाहून तिने हॅट सरळ केली.

"आई, ते मला बोलताना अडवतील," कियाना वाकून कुजबुजली. "अडवू दे. ते चांगलं असतं."

"अगं, मला काय सांगतेस! आपल्याकडे चर्चमध्ये बोलतातच की मधे."

कियाना काही बोलणार होती, पण हॅल्व्हरसननी घड्याळाकडे पाहिलं.

तिचा विषय साधा होता. शाळेत सकाळची न्याहारी फुकट मिळाली तर मुलांची हजेरी वाढते का? पहिली स्लाइड पुरती वाचूनही झाली नव्हती.

"थांबा," हॅल्व्हरसन म्हणाले. "न्याहारी देणाऱ्या शाळा मुळातच चांगल्या नव्हत्या कशावरून?"

"शाळांनी ठरवलंच नाही, सर. राज्याने ठरवलं. गरीब मुलांचं प्रमाण एका रेषेच्या वर गेलं की न्याहारी सक्तीची. मी रेषेच्या जरा वरच्या शाळा घेतल्या आणि जरा खालच्या..."

"आणि त्या रेषेपाशी कुणी आकडे फिरवत नाही? सगळे संत?"

मागून दुसरा प्रोफेसर गरजला, "हजेरी कोण मांडतं? शाळाच ना? मग झालं!"

हॅल्व्हरसन उठले, खडू घेऊन फळ्याशी गेले. कियानाचे कान तापले. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. उठले! माझ्यासाठीही उठले! तिने दोन प्रश्न परतवले, तिसऱ्याला उलट प्रश्न केला. चौथ्याला उत्तर येत होतं, पण शब्द घशात अडकला आणि ती एक श्वास थांबली.

तिच्या गावच्या चर्चमध्ये ईस्टरला लहान मूल पाठ केलेलं विसरलं की सगळं चर्च त्याला उचलून धरतं. अर्लीनने तेच केलं.

"सावकाश घे, बाळा. आम्ही आहोत इथे."

मागे कुणीतरी खुसखुसलं. हॅल्व्हरसननी मान वळवली नाही. "मिस गेन्स, हे उत्तर नव्हे. प्रश्न तरी कळलाय का तुम्हाला?"

अर्लीनने डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि ती उभी राहिली.

"साहेब, तुम्ही शिकलेले, मी नाही. पण पोरगी मघापासून एक वाक्य पुरं करायला बघतेय आणि तुम्ही सगळे मिळून तिच्या तोंडातला घास काढल्यासारखे शब्द काढून घेताय. तिचं होऊ द्या. मग काय ते विचारा."

"आई, खाली बस!"

"बसते. यांना बसू दे आधी."

हॅल्व्हरसन लालबुंद झाले. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले. "बरोबर आहे तुमचं, बाई. माफ करा. मिस गेन्स, चालू द्या." ते जाऊन बसले आणि पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर कुणीच बोललं नाही. तिसरी स्लाइड गेली, चौथी गेली. सहाव्या स्लाइडवर कियानाने जाणूनबुजून एक धडधडीत चुकीचं विधान केलं, पहिल्या वर्षाच्या पोरानेही झडप घालावी असं. हॅल्व्हरसन मान डोलावत राहिले. एफ्राइन दारात उभा होता. त्याला चूक दिसली, तो हसला आणि गप्प राहिला. कियानाला ओरडावंसं वाटलं, भांडा ना कुणीतरी माझ्याशी! ती शेवटच्या स्लाइडपर्यंत पोहोचली. टाळ्या एकट्या अर्लीनने वाजवल्या, मग लाजेकाजेस्तव इतरांनी.

"अगदी स्पष्ट मांडलंत," हॅल्व्हरसन म्हणाले. "छान."

व्हरांड्यात एफ्राइनने अर्लीनपुढे कमरेत वाकून केकची फोड घेतली. "बाई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही," तो म्हणाला आणि कियानाकडे बघून डोळा मारला.

"गुणी आहे गं पोरगा," अर्लीन म्हणाली.

बस थांब्यापर्यंत कियाना चार पावलं पुढे चालत राहिली. आईचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. ती हॅट, तो डबा, ते "आम्ही आहोत इथे". सगळं एका दमात ओकून टाकायचं तिने ठरवलं आणि ती गर्रकन वळली.

"आई, तू आज..."

"माहितीये. मोठ्याने बोलले," अर्लीन बाकावर टेकली. "तुला आठवतं? शाळेतली ती बाई म्हणाली होती, हिला गणिताला कशाला घालता, स्वयंपाकाचा कोर्स द्या. मी तेव्हा 'बरं मॅडम' म्हणाले. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी 'बरं मॅडम' म्हणाले. आज नाही म्हटलं. आज बघितलंस ना? नंतर एकाची तोंड उघडायची छाती झाली नाही."

"नाही झाली," कियाना म्हणाली.

"ठेवून घेतील ना गं तुला?"

कियाना तिच्याशेजारी बसली. रस्ता रिकामा होता. "बघू."

"मला मेलीला काही कळलं नाही बघ. घाबरले होते. परत सांग, पहिल्यापासून."

कियानाने लॅपटॉप मांडीवर उघडला. "ज्या शाळांत न्याहारी फुकट सुरू झाली, तिथली हजेरी..."

"थांब," अर्लीन म्हणाली. "हे तुला कसं कळलं?"

कियानाने वळून आईकडे पाहिलं. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि अर्लीनने पुन्हा अडवलं, आणि पुन्हा.

बस आली तेव्हा त्या अजून पहिल्याच स्लाइडवर होत्या.